दाजी, तुमची तिसरी प्रत उघडली

दाजी, तुमचं तेरावं व्हायच्या आत क्लासमधला कॉम्प्युटरही गेला. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि पुन्हा आली तेव्हा तो उठलाच नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसानं आतली डिस्क काढली, कानाशी धरून हलवली आणि मग स्वतःची मानही हलवली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "इमानदार होता बिचारा, मालकामागं गेला." मी ते वाक्य मनातल्या मनात तुमच्या आवाजात म्हणून पाहिलं. शब्द आले, आवाज येईना. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

ताई दाराशी उभी होती. तुम्ही गेल्यापासून माझ्या ह्या थोरल्या बहिणीनं कोणाजवळ काही मागितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना चहा विचारायची, ते उठले की कप उचलायची. त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "त्यांचं शिकवलेलं सगळं ह्याच्यातच होतं का ग?"

"न्हाई ताई. नांदेडला माझ्याकडं हाय, अहमदपूरला दादाकडं हाय."

"उघडतंय ना पण?"

"उघडतंय की."

हे मी न बघताच ठोकून दिलं. नांदेडला घरी आल्यावर बघता आलं असतं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, असली कामं मला जेवता जेवता जमतात. पण हात जाईना. उघडलं नाही तर काय, ही एक भीती होती. उघडलं तर तुम्ही बोलायला लागाल, ही दुसरी. ताईला हवा होता तो तुमचा आवाज, आणि तो आता फक्त ह्या दोन प्रतींत होता. शेवटी मी तुमच्याच नियमाच्या आड लपले. ज्यानं प्रत केली त्यानं ती तपासायची नाही, दुसऱ्यानं तपासायची, आणि तपासायची ती येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळे शेतात जमतात तेव्हा. येळवस जवळच आली होती.

तीन प्रती, तीन गावं. लोक हसायचे तुम्हाला. लातुरात गल्लोगल्ली क्लास झाले, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फलक लागले, घराघरात वरचा मजला चढवून मुलींना खोल्या दिल्या गेल्या. तुमच्या गणिताच्या क्लासला धड पाटी नव्हती, पण तीन गावांत डिस्का होत्या, बाहेरगावच्या दोन स्टीलच्या डब्यांत. ताई म्हणायची, "बाकीच्यांच्या शाखा असतात, आमच्या ह्यांचे डबे असतात." तुम्हाला ते इतकं आवडलं की तुम्ही पाहुण्यांना स्वतःच सांगायला लागलात.

कारण मात्र तुम्ही मला एकदाच सांगितलंत, औशाहून परत येताना, गाडीत. भूकंप झाला तेव्हा तुम्ही लातूरला खोली करून शिकत होतात, म्हणून वाचलात. गावाकडं तुमचे बाबा शाळामास्तर. प्रत्येक कागदाची नक्कल काढून, तिच्यावर साहेबाचा सही-शिक्का घेऊन ठेवणारा माणूस. लग्नाचा फोटोसुद्धा त्यांनी दोनदा काढून घेतला होता. एक भिंतीवर, एक पेटीत. भिंत पेटीवर पडली. आई गेली, बाबा गेले, आणि दोघांचा एकही फोटो उरला नाही.

"बाबांनी सगळ्याची नक्कल ठिवली होती," तुम्ही म्हणालात, "पण एकाच छपराखाली. एका छपराखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत."

आणि म्हणालात, "आईचं तोंड दिसतं अजून, डोळे मिटले की. आवाज न्हाई येत."

एरवी तुमच्या एका वाक्याला माझी चार तयार असायची. त्या दिवशी मी खिडकीतून बाहेरची तूर बघत बसले. तुम्हीही मला बोलतं करायला गेला नाहीत, हे तुमचे उपकार.

तूर बघता बघता मला आठवत होता तुम्ही ताईला बघायला आलात तो दिवस. भूकंपानंतरची वर्षं. तुमच्याबरोबर फक्त तुमचे काका. घरात दबकं बोलणं चाललेलं, पोरगं चांगलं आहे पण मागं-पुढं कुणी नाही. मी दहावीत, गणितात काठावर. आमच्या वडिलांनी तुमची परीक्षा घ्यावी म्हणून मला वही घेऊन पुढं ढकललं. तुम्ही पोह्यांची बशी बाजूला ठेवलीत, गणित मांडलंत, आणि एक पायरी झाल्यावर, कळलं की नाही ते विचारायला, माझ्याकडं बघून म्हणालात, "हाव का न्हाई?"

आणि थांबलात. सगळी बैठक थांबली. काका खाकरले, वडिलांनी पाय बदलला, पोहे गार झाले. तुम्ही आपले माझ्याकडं बघत बसलेले, जणू त्या दिवशी तुम्हाला दुसरं काही काम नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "न्हाई." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलंत. आतून ताई हे सगळं ऐकत होती. मंडळी गेल्यावर आई तिला विचारायला लागली तर ही म्हणते, "जो माणूस हिच्यासाठी एवढं थांबतो त्याला माझं हाव हाय." ती तुम्हाला हे कधी सांगणार नाही म्हणाली होती. मीही सांगितलं नाही. आता सांगायला कोणाची हरकत असणार?

तर डिस्कांचं. प्रती ठेवायच्या कुठं हे तुमच्या मनात पक्कं होतं, पण कशात ठेवायच्या ह्यावरून आपण काय कमी भांडलो? सुरुवातीला तुम्ही दुकानातून खोक्यातलं सॉफ्टवेअर आणलंत. गुण्यागोविंदानं चाललं. मग ती कंपनी कुणीतरी दुसऱ्यानं घेतली आणि ते सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. त्यात बांधून ठेवलेले तुमचे त्रिकोणमितीचे जुने पेपर आतच राहिले. यादीत दिसायचे, उघडायचे नाहीत. तुमचा फोन आला, "मॅडम, माझ्याच घराला दुसऱ्याचं कुलूप लागून राहिलंय." मला तुम्ही 'मॅडम' म्हणायचात ते एकतर चिडवायला, नाहीतर अडल्यावर. त्या दिवशी अडला होतात.

पुढच्या रविवारी मी लातूरला आले आणि तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला ओपन सोर्स म्हणजे काय ते सांगायला लागले. फुकट आहे म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या.

"फुकट का देऊन राहिलेत? कायतरी गोम असंल."

"गोम नाही दाजी. हे सॉफ्टवेअर कसं केलंय ते उघडं असतं, कुणीही वाचावं, दुरुस्त करावं. ज्यांनी केलं ते उद्या उठून गेले तरी दुसरा कुणी पुढं चालवू शकतो."

तुम्हाला पटेना. ताई परातीत पीठ मळत होती. ती म्हणाली, "अहो, माझ्या काळ्या मसाल्यागत. दुकानातल्या पुड्यात काय घातलंय कोणाला ठाऊक? माझं प्रमाण सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. उद्या मी न्हाई राहिले तरी गल्लीत मसाला होईलच की."

तुम्ही म्हणालात, "तू न्हाई राहिलीस तर मी मसाला खाऊन काय करू?" आणि ताई लाजली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर, माझ्यासमोर, पिठाच्या हातानं पदर सावरत. ओपन सोर्स तिथं मंजूर झालं.

पण त्यातलं कुठलं, हे ठरवायला आणखी भांडण लागलं. मला आवडलेलं सॉफ्टवेअर हुशार होतं. बदललं असेल तेवढंच उचलायचं, एकच फाइल दहा ठिकाणी असली तरी एकदाच ठेवायचं, सगळं दाबून लहान करायचं, वर कुलूप लावायचं. मी अर्धा तास त्याचे गुण गायले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "हे उघडायला काय लागतंय?"

"हेच सॉफ्टवेअर."

"अन् ते चालवायला?"

"मी आहे की."

"तू हायस ग. पण समज, उघडणाऱ्याला तू बी ठाऊक न्हाईस अन् मी बी न्हाई. त्याला उघडंल का?"

"असा कोण येणार हाय दाजी? चोर?"

"चोराला बी उघडलं पायजे. गणित शिकला तर बरंच हाय की!"

शेवटी तोड निघाली. नांदेडची प्रत माझ्या पद्धतीनं, अहमदपूरची तुमच्या. तुमच्या पद्धतीत हुशारी अशी काहीच नव्हती. प्रत्येक वर्षाचा एक फोल्डर, तुमच्या भाषेत कपाट, त्यात व्हिडिओ जसेच्या तसे, आणि पेपर साध्या झिपमध्ये, जी कुठल्याही कॉम्प्युटरवर सुटते. झिपची तुम्हाला हरकत नव्हती. दोरीनं आवळलेल्या गादीसारखी आहे, म्हणायचात, दोरी सोडली की होती तेवढी फुगते, कापूस कमी होत नाही.

खरं भांडण कापूस काढायचं होतं. व्हिडिओ लहान करायचा म्हणजे त्यातलं काहीतरी कायमचं टाकावं लागतं. आणि तुमच्या व्हिडिओत टाकण्यासारखं मला ढिगानं दिसत होतं. फळ्यावर एक पायरी लिहिली की तुम्ही वळायचात, "हाव का न्हाई?" म्हणायचात आणि गप्प उभे राहायचात. खडू ह्या हातातून त्या हातात. पंखा फिरतोय. तुमची नजर शेवटच्या बाकावर. तिथून "हाव सर" आल्याशिवाय दुसरी ओळ नाही. वर्गात ठीक होतं. पण तासाच्या व्हिडिओत निम्मा वेळ नुसता पंखाच ऐकू यायचा. असली रिकामी जागा आपोआप कापणारं सॉफ्टवेअर माझ्याकडं होतं, तेही ओपन सोर्स, तेही फुकट.

मी काही उगीच हट्ट करत नव्हते, दाजी. हदगावकडची ती मुलगी आठवते ना, घरी अडचण आली म्हणून लातूर सोडून परत गेलेली? तिच्या गावात रेंज धरायला पत्र्यावर चढावं लागायचं. तुमचा एक तास उतरवून घ्यायला तिचा दिवस जायचा. मी म्हणाले, गप्प बसलेलं कापू, निम्म्यात काम होईल.

"तिच्यासाठी चित्र बारीक कर," तुम्ही म्हणालात. "रंग काढ. माझं तोंड पुसट झालं तर झालं, तसं बी बघण्यासारखं न्हाई. पण गप्प बसलेलं कापू नगं."

"का?"

"तिथं पोरं विचार करून राहिलेत."

"दाजी, ती पोरं कधीच पास झाली. आता कोण विचार करून राहिलंय तिथं?"

"जो बघंल तो."

मी म्हणाले, हट्टी आहात. तुम्ही म्हणालात, आपल्या दोघांत मोठा हट्टी कोण ते ताईला विचार. ताई म्हणाली, तुम्हा दोघांना एकाच डब्यात घालून झाकण लावते. मग मी चित्र बारीक केलं, पंखा तसाच ठेवला, आणि त्या मुलीला पाठवलं. तिनं कळवलं की उतरलं, आणि गणित समजलं. तुम्ही मला पुढं महिनाभर त्यावरून छळलंत. पण मूळ भांडण मिटलं नव्हतं. माझं तरीही म्हणणं होतं की पोरांना वाटायची प्रत लहानच असावी. मूळ पाहिजे तर जपून ठेवा, पण पत्र्यावर चढलेल्या पोरीला पंखा ऐकायला लावू नका. ह्यावर तुमचं उत्तर यायचं राहिलं.

दवाखान्यात तुमच्या नाकातोंडावर ते प्लास्टिकचं लावलेलं होतं. मी आले तर तुम्ही ते जरा बाजूला सारलंत. मला वाटलं पाणी मागाल, ताईबद्दल काही सांगाल.

"कापलंस का?"

"न्हाई दाजी."

"कापू नगं."

"बघू," मी म्हणाले.

हसून म्हणाले. उद्या परत भांडायचं होतं ना. नर्सनं तुम्हाला रागावून ते परत नाकावर बसवलं, आणि तुम्ही माझ्याकडं बघून एक भुवई उचललीत. आपलं शेवटचं बोलणं ते. लोकांची शेवटची बोलणी काय काय असतात, आपलं हे असं.

येळवस आली तशी भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली, घरात दुःख आहे, वर्षभर सण करू नये. ताई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सण न्हाई करत. डिस्क बघायला चाललेय." तुमच्या जाण्यानंतर तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं तुमच्यासारखं वाक्य.

लातूर त्या दिवशी नेहमीसारखंच रिकामं झालं. क्लास बंद, दुकानं बंद, सगळं गाव आपापल्या नाहीतर ओळखीच्यांच्या शेतात. मी नांदेडहून आले, ताई लातूरहून, आणि आम्ही दोघी अहमदपूरला दादाच्या, आमच्या भावाच्या शेतात भेटलो. दादानं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घातली होती, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं होतं, बाजरीचे उंडे होते, आंबिलीचा माठ होता. दादा पिकावर आंबील शिंपडायला गेला तेव्हा त्याचा "ओलगे ओलगे" हा येळवशीचा पुकारा एकदम बारीक निघाला. दर वर्षी त्याच्या मागं तुम्ही ओरडायचात, भसाड्या आवाजात, आणि शेजारच्या रानातले लोक हसायचे. यंदा शेजारच्या रानातूनही कुणी ओरडलं नाही.

जेवणं झाली. दादानं धोतरात गुंडाळलेला स्टीलचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. मी माझी नांदेडची प्रतही आणली होती. नियम असा की तपासायचं ते दुसऱ्याच्याच कॉम्प्युटरवर, म्हणून दादाचा जुना लॅपटॉप घेतला. माझं हुशार सॉफ्टवेअर त्याच्यावर चालेना. लॅपटॉप फार जुना आहे, असं त्याचं म्हणणं. हसा, दाजी, पोटभर हसा. ती प्रतही नंतर नांदेडला उघडली, सगळं जागच्या जागी निघालं, हेही ऐकून ठेवा. पण त्या शेतात, त्या वेळेला, माझ्या हातात काही नव्हतं. उरली फक्त तुमची डिस्क.

"कोण उघडणार?" दादानं विचारलं.

आजवर कोणी कोणी उघडली होती. एकदा गाडीच्या ड्रायव्हरनं, एकदा शेजारच्या रानात आलेल्या परक्या पाहुण्यानं. ताईनं कधीच नाही. "मला नका गुंतवू तुमच्या खेळात" म्हणून ती दर वेळी भांडी गोळा करायला उठायची. यंदाही ती उठली. मला वाटलं, झालं. पण ती पाण्याच्या घागरीपाशी गेली, हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन लॅपटॉपपुढं मांडी घालून बसली.

"कुठं दाबू?"

"वाटंल तिथं, ताई. कुठलंही एक."

तिचं बोट बराच वेळ फिरत राहिलं. मग तिनं एकावर दाबलं. मी डोळे मिटून घेतले. आधी काहीच नाही. मग खडूचा आवाज आला.

डोळे उघडले तर तुम्ही पाठमोरे. निळा शर्ट, कोपरावर खडू. "आता हे इकडं आलं," तुम्ही फळ्याला सांगत होतात, "इकडं आलं की चिन्ह बदललं." तो आवाज, दाजी. मला एकटीला आठवून जो जमला नव्हता तो, खरखरीसकट, पंख्यासकट. दादानं टोपी काढून तोंडावर धरली. मी रडत होते आणि हसतही होते.

तुम्ही वळलात. सरळ आमच्याकडं बघितलंत.

"हाव का न्हाई?"

आणि गप्प उभे राहिलात. खडू ह्या हातातून त्या हातात. पंखा फिरत होता. इकडं ज्वारीतून वारा जात होता. बंद पडलं असं वाटून दादा लॅपटॉपकडं हात न्यायला लागला, मी त्याचं मनगट धरलं. तुम्ही थांबलेलेच. गार होत असलेल्या पोह्यांपुढं थांबला होतात तसेच.

"हाव," ताई म्हणाली.

पडद्यावर तुम्ही मान हलवलीत, "मग पुढं जाऊ," म्हणालात, आणि फळ्याकडं वळलात.

दवाखान्यात मी तुम्हाला 'बघू' म्हणाले होते. बघितलं, दाजी. नाही कापत.